स्प्रिंग बसवली, पुढे काय होतं?

डिस्चार्ज मिळाला की घरचे लोक फोनवर सगळ्या नातेवाइकांना एकच वाक्य सांगतात : ‘ब्लॉकेज काढलं, स्प्रिंग बसवली, आता काळजी नाही.’ यातलं स्प्रिंग बसवली एवढंच खरं. ब्लॉकेज तिथेच असतं, नळीच्या भिंतीत दाबून बसवलेलं. आणि काळजी संपलेली नसते, तिचं रूप फक्त बदललेलं असतं.

स्वीडनमध्ये हार्ट अटॅकच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवायची पद्धत आहे. अशा ९७ हजारांहून अधिक रुग्णांचं पुढे काय झालं, याचा हिशेब २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षात १८ टक्के जणांना पुन्हा अटॅक आला, पक्षाघात झाला किंवा हृदयाच्या नाहीतर रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू आला. पहिलं वर्ष सुखरूप पार केलेल्यांपैकीही २० टक्के जणांवर त्यापुढच्या तीन वर्षांत यातलं काहीतरी ओढवलं. तिथले रुग्ण आपल्याकडच्यांपेक्षा वयाने बरेच मोठे असतात, म्हणून हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावायचे नाहीत. पण आपल्याकडे पहिला अटॅकच पन्नाशीच्या आसपास येतो. म्हणजे पुढे काढायची वर्षंही जास्त.

ही वर्षं कशी जातात, ते आता टप्प्याटप्प्याने पाहू. सुरुवात अटॅकपासूनच करू, कारण पुढचे बहुतेक गैरसमज तिथेच जन्म घेतात.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या तीन मुख्य नळ्या असतात. रिपोर्टात त्या एलएडी, एलसीएक्स आणि आरसीए अशा नावांनी येतात. पहिली डावीकडून पुढच्या बाजूने खाली उतरते, दुसरी डावीकडूनच मागे वळसा घालते, तिसरी उजवीकडची. या नळ्यांच्या अस्तराखाली वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो. तो वाढत वाढत एक दिवस नळी पूर्ण बंद करतो आणि अटॅक येतो, असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा तसं होत नाही. पिकलेल्या पुटकुळीचं तोंड फुटावं तसं त्या थरावरचं पातळ आवरण फाटतं, आतला ऐवज रक्ताला लागतो आणि शरीर ती जखम समजून तिथे गुठळी करतं. नळी बंद पडते ती या गुठळीने, तेही काही मिनिटांत.

‘गेल्याच महिन्यात स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली होती, मग अटॅक कसा आला?’ याचं उत्तर यात आहे. नळीत ३०-४० टक्के अडथळा असला तर चालताना दम लागत नाही, टेस्टमध्येही काही दिसत नाही. पण तो थर फाटायचा राहत नाही.

नळी बंद झाली की तिच्या पुढचा स्नायू साधारण अर्ध्या तासापासून मरायला लागतो आणि सहा तासांत त्यातला बराचसा गेलेला असतो. भारतातल्या ५० शहरांमधल्या २० हजारांहून अधिक रुग्णांची ‘क्रिएट’ नावाची पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात मोठा अटॅक आलेल्यांपैकी निम्म्या रुग्णांना हॉस्पिटल गाठायला ३०० मिनिटांहून जास्त वेळ लागला होता. म्हणजे पाच तास. आपल्याकडे पुढच्या वर्षांचं बरंचसं भवितव्य या पाच तासांतच ठरून जातं, हे कडू असलं तरी खरं आहे. त्यानंतर जे हातात उरतं, त्याबद्दल आता बोलू.

डिस्चार्ज कार्ड समोर ठेवू. त्यावर साधारण अशी एक ओळ असते : अँटिरिअर वॉल एमआय, डीव्हीडी, पीटीसीए विथ डीईएस टू एलएडी, एलव्हीईएफ ३५ टक्के. अँटिरिअर वॉल म्हणजे हृदयाची पुढची भिंत. एमआय म्हणजे अटॅक. डीव्हीडी म्हणजे दोन नळ्यांमध्ये दखल घेण्याजोगा अडथळा. तिन्हींमध्ये असला तर टीव्हीडी. पीटीसीए म्हणजे फुग्याने नळी उघडणं, आपण ज्याला अँजिओप्लास्टी म्हणतो ती. डीईएस म्हणजे औषधाचा लेप असलेला स्टेंट, तीच आपली स्प्रिंग. आता ही ओळ पुन्हा वाचावी. दोन नळ्यांत अडथळा आहे आणि स्टेंट एकाच नळीत घातला आहे. दुसरीचं काय, हा प्रश्न डिस्चार्जच्या गडबडीत विचारायचा राहून जातो. त्याच्याकडे पुढे येऊच.

फाइलमध्ये अँजिओग्राफीची सीडी आणि स्टेंटचं स्टिकर असतं. हल्लीच्या लॅपटॉपला सीडी लागत नाही, त्यामुळे ती बघता बघता अडगळीत जाते. झेरॉक्सच्या दुकानातून ती पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावी. स्टिकरवर स्टेंटचं नाव, लांबी-रुंदी आणि बॅच नंबर असतो. केंद्राने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली (लेपवाल्या स्टेंटला तेव्हा कर सोडून २९,६०० रुपये). तेव्हापासून बिलातही स्टेंटची किंमत वेगळी दाखवावी लागते. पाच वर्षांनी दुसऱ्या गावात दुसऱ्या डॉक्टरांसमोर बसायची वेळ आली, तर सीडी आणि स्टिकर शंभर तोंडी खुलाशांचं काम करतात.

आता ईएफ. हृदयाच्या डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं, त्यातलं किती टक्के एका ठोक्यात बाहेर फेकलं जातं, तो हा आकडा. त्याच्याइतका घोळ दुसऱ्या कुठल्याच आकड्याने होत नसेल. ईएफ ६० आला की ‘४० टक्के हार्ट गेलं’ म्हणून रडारड झालेली पाहण्यात येते. खरं तर धडधाकट माणसाचाही ईएफ ५५ ते ७० च्या दरम्यान असतो. १०० कुणाचाच नसतो.

दुसरा घोळ म्हणजे अटॅकच्या तिसऱ्या दिवशीचा ईएफ कायमचा समजणं. रक्त वेळेत परत सुरू झालं असेल, तर स्नायूचा काही भाग मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो. तो हळूहळू जागा होतो. तिसऱ्या दिवशी ३५ असलेला ईएफ दोन-तीन महिन्यांनी ४५ झालेला डॉक्टरांना नेहमी दिसतो. उलटही दिसतं. म्हणून साधारण सहा आठवडे ते तीन महिन्यांच्या दरम्यान इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पुन्हा करायचीच असते, आणि खरा आकडा त्यातलाच मानायचा. ‘बरं वाटतंय, मग कशाला’ म्हणून ही इको टाळली जाते. पुढचे दोन-तीन मोठे निर्णय तिच्यावर अडलेले असतात.

तोवर पहिली कसोटी गोळ्यांची. स्टेंट ही धातूची बारीक जाळी. तिच्यावर शरीराचं स्वतःचं अस्तर चढायला काही महिने जातात. तोवर रक्ताच्या दृष्टीने ती परकी वस्तू आणि परक्या वस्तूवर गुठळी व्हायला वेळ लागत नाही. ती झाली तर नळी एका फटक्यात बंद पडते, आणि असा अटॅक पहिल्यापेक्षा जीवघेणा ठरतो. म्हणून दोन गोळ्यांची जोडी देतात. एक ॲस्पिरिन, बहुतेकांच्या घरात इकोस्प्रिन या नावाने ओळखीची, आणि दुसरी क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलर किंवा प्रासुग्रेल यांपैकी. यांना आपण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या म्हणतो, पण रक्ताचा दाटपणा त्यांनी बदलत नाही. गुठळी बांधणाऱ्या प्लेटलेट नावाच्या कणांना त्या एकमेकांना चिकटू देत नाहीत, एवढंच. जोडी साधारण वर्षभर चालते, मग एक गोळी बंद होते आणि दुसरी कायम राहते. ज्यांना रक्तस्रावाचा धोका जास्त, त्यांची जोडी डॉक्टर लवकर सोडवतात.

ॲस्पिरिन स्वस्त म्हणून तिला कमी लेखू नये. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ या १७ हजार रुग्णांच्या अभ्यासात नुसत्या ॲस्पिरिनने पहिल्या पाच आठवड्यांतले हृदय आणि रक्तवाहिन्यांमुळे होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले होते.

गोळ्या सुटतात कशा? दात काढायचा असतो आणि कुणीतरी सांगतं, ‘रक्त पातळ करायच्या गोळ्या आठ दिवस बंद ठेवा.’ किंवा निर्जळी उपास असतो. किंवा लग्नासाठी गावी गेल्यावर पाकीट संपतं आणि तालुक्याच्या दुकानात टिकाग्रेलर नसते. टिकाग्रेलर दिवसातून दोनदा घ्यायची असते, तिची रात्रीची गोळी सर्रास विसरली जाते. तिच्यामुळे काहींना विनाकारण दम लागल्यासारखं वाटतं, मग ‘ही गोळी मला सोसत नाही’ म्हणून परस्पर बंद होते. यातल्या प्रत्येक अडचणीवर तोडगा आहे. दात बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनच काढता येतो, आणि दम लागत असेल तर दुसरी गोळी देता येते. फक्त पहिल्या वर्षात हा निर्णय डेंटिस्टने, मेडिकलवाल्याने किंवा आपण स्वतः घ्यायचा नसतो. ज्यांनी स्टेंट घातला त्यांना फोन करायचा.

उलटी चूकही होते. नव्या पाकिटात क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन एकाच गोळीत असतात आणि घरात जुन्या इकोस्प्रिनच्या तीन पट्ट्या पडलेल्या असतात. वाया कशाला घालवायच्या म्हणून त्याही चालू राहतात. डॉक्टरांकडे जाताना चिठ्ठी तर न्यावीच, पण गोळ्यांचा डबाही सोबत न्यावा. शौच डांबरासारखं काळं झालं तर पोटात रक्तस्राव होत असू शकतो. त्याच दिवशी दाखवावं. आणि गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन मेडिकलमधून मनाने आणून घेऊ नये. अटॅक येऊन गेलेल्या माणसात या गोळ्या रक्तस्राव आणि पुन्हा अटॅक, दोन्हींचा धोका वाढवतात. दुखणं असह्य असेल तर पॅरासिटामॉलपासून सुरुवात करून डॉक्टरांशी बोलावं.

आता कार्डावरची ती दुसरी नळी. मोठ्या अटॅकमध्ये पहाटे तीन वाजता डॉक्टर फक्त गुन्हेगार, म्हणजे अटॅक आणणारी, नळी उघडतात, आणि ते बरोबरच आहे. बाकीच्या अडथळ्यांचं काय करावं, यावर बरीच वर्षं वाद होता. २०१९ मध्ये ‘कंप्लीट’ या चार हजारांवर रुग्णांच्या अभ्यासाने तो बराचसा मिटवला. एका गटात बाकीचे मोठे अडथळेही त्याच मुक्कामात किंवा ४५ दिवसांच्या आत स्टेंटने उघडले, दुसऱ्या गटात औषधांवर सोडले. साधारण तीन वर्षांनी हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू किंवा नवा अटॅक यांचं प्रमाण पहिल्या गटात ७.८ टक्के होतं, दुसऱ्यात १०.५. म्हणून डिस्चार्जच्या वेळी हे स्पष्ट विचारून घ्यावं : उरलेल्या अडथळ्याचं काय करायचं आणि कधी? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार झाले असतील, तर पुढच्या टप्प्याची मंजुरी कशी मिळेल, ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला तिथेच विचारावं. घरी गेल्यावर ते काम लांबत जातं.

पण प्रत्येक बंद नळी उघडलीच पाहिजे, असंही नाही. समजा आपण अटॅकनंतर आठ-दहा दिवसांनी हॉस्पिटलात पोचलो. दुखणं थांबलं आहे आणि अँजिओग्राफीत नळी १०० टक्के बंद दिसते. अशा वेळी डॉक्टर ‘औषधांवरच ठेवू’ म्हणाले, की घरच्यांना ती टाळाटाळ वाटते. २००६ च्या ‘ओट’ अभ्यासात नेमके असेच दोन हजारांवर रुग्ण होते, अटॅकनंतर ३ ते २८ दिवसांत आलेले. त्यांची नळी उघडून चार वर्षांत काहीच फायदा दिसला नाही, कारण नळीच्या पलीकडचा स्नायू आधीच गेलेला होता. छातीत दुखत राहिलं, किंवा तिथला स्नायू जिवंत असल्याचं तपासणीत दिसलं, तर गोष्ट वेगळी.

मधुमेह असून दोन-तीन नळ्यांत अडथळे असतील तर बायपासचा विषय निघतो आणि घरात एकदम शांतता पसरते. ‘छाती उघडण्यापेक्षा चार स्टेंट परवडले’, असं बहुतेकांना वाटतं. २०१२ मध्ये ‘फ्रीडम’ अभ्यासात अशा १,९०० मधुमेही रुग्णांना पाच वर्षं पाहिलं. मृत्यू, अटॅक किंवा पक्षाघात यांचं प्रमाण स्टेंटच्या गटात २६.६ टक्के होतं, बायपासच्या गटात १८.७. फक्त पक्षाघात बायपासच्या गटात जास्त होते. कारण समजायला अवघड नाही. स्टेंट एका जागेवर इलाज करतो, बायपास त्या नळीतले आजचे आणि उद्याचेही बरेच अडथळे ओलांडून पुढे रक्त नेतं. छातीच्या आतली धमनी एलएडीला जोडलेली असेल, तर ती दहा वर्षांनीही बहुतेकांची उघडी असते. पायातून काढलेल्या शिरा तेवढ्या टिकाऊ नसतात.

दीड-दोन महिन्यांत मेलेल्या स्नायूच्या जागी पक्का व्रण तयार होतो. व्रण आकुंचन पावत नाही. मग उरलेल्या स्नायूवर जादा भार पडतो, कप्पा हळूहळू फुगतो, भिंत पातळ होते आणि ईएफ आणखी उतरतो. हे महिन्यांत, वर्षांत होतं आणि सुरुवातीला काहीच जाणवत नाही. ते थोपवण्यासाठी रामिप्रिल, सार्टनच्या जातीतल्या गोळ्या देतात. १९९२ च्या ‘सेव्ह’ अभ्यासात ईएफ ४० किंवा त्याहून कमी असलेल्या रुग्णांना रामिप्रिलच्याच जातीची कॅप्टोप्रिल दिल्यावर साडेतीन वर्षांतले मृत्यू १९ टक्क्यांनी कमी झाले.

गाडी इथेच रुळावरून घसरते. दुकानदार सांगतो, ‘ही बीपीची गोळी आहे.’ आपण बीपी मोजतो, ते ११० वर ७० येतं. बीपी नाही, मग गोळी कशाला? आणि ती बंद होते. ही गोळी बीपीसाठी दिलेलीच नसते, कप्पा फुगू नये म्हणून दिलेली असते. रामिप्रिलने कोरडा खोकला येत असेल तर ती बदलून सार्टन मिळतं. चक्कर येत असेल तर डोस कमी होतो. बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके संथ ठेवणारी गोळी, हिच्याबद्दल मात्र मत बदलतं आहे. ईएफ ५० च्या वर असलेल्यांना तिचा फायदा २०२४ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसला नाही. ईएफ कमी असेल तर ती हवीच. दोन्ही प्रकारांत ती आपल्या मनाने एकदम बंद केली, तर ठोके उसळी घेतात.

दोन-तीन महिन्यांनी केलेल्या इकोत ईएफ ३५ च्या आतच राहिला, तर दोन गोष्टी निघतात. पहिली, हार्ट फेल्युअर. नाव ऐकून हृदय बंद पडलं असं वाटतं, पण त्याचा अर्थ पंप गरजेपुरतं रक्त फेकत नाही आणि अंगात पाणी साठतं, इतकाच. त्यावर आता चार प्रकारच्या गोळ्यांची चौकडी असते. त्यातली एक मूळची मधुमेहाची, ती मधुमेह नसलेल्यांनाही देतात. घरी करायचं काम सोपं आहे. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी वजन करायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते जेवण नव्हे, पाणी. रात्री दोन उशा लागायला लागणं, चपलेचा पट्टा घट्ट होणं ही त्याचीच लक्षणं. अशा माणसाच्या ताटातून लोणचं, पापड, फरसाण आणि किनाऱ्यावरच्या घरांत सुकट, खारा मासा जायला हवा. भाजीत मीठ कमी करून वर लोणच्याची फोड घेतली तर काय साधलं?

दुसरी गोष्ट म्हणजे आयसीडी. गळ्याच्या हाडाखाली बसवायचं हे छोटं यंत्र हृदयाचे ठोके बिघडून जीव जायची वेळ आली, तर आतूनच विजेचा झटका देतं. कमी ईएफवाल्यांत त्याने मृत्यू घटतात हे २००२ मध्ये सिद्ध झालं. मात्र अटॅकनंतरच्या पहिल्या ४० दिवसांत ते बसवून एकूण मृत्यू कमी होत नाहीत, हे २००४ मध्ये दिसलं. म्हणून डॉक्टर थांबायला सांगतात. हा ढिलेपणा नव्हे.

इथवरचं सगळं जुन्या जखमेबद्दल झालं. पुढचा अटॅक कुठून येतो? मला वाटतं, सगळ्या फाइलीत हे एक पान असायला हवं आणि ते कधीच नसतं. २०११ मध्ये ‘प्रॉस्पेक्ट’ या अभ्यासात अटॅक किंवा अटॅकसदृश त्रास होऊन स्टेंट बसलेल्या जवळपास ७०० रुग्णांच्या तिन्ही नळ्या आतून तपासून ठेवल्या आणि पुढे वाट पाहिली. तीन वर्षांत साधारण प्रत्येक पाचातल्या एकाला पुन्हा त्रास झाला. त्यात स्टेंटच्या जागेमुळे १२.९ टक्के आणि भलत्याच जागेमुळे ११.६ टक्के. जवळजवळ निम्मं-निम्मं. आणि ज्या ‘भलत्या’ जागांनी दगा दिला, त्या सुरुवातीच्या अँजिओग्राफीत सरासरी अवघ्या ३२ टक्के अडथळ्याच्या होत्या. कार्डावर अशा जागांपुढे ‘मायनर’ लिहिलेलं असतं, म्हणून आपणही निर्धास्त राहतो.

या जागांवर स्टेंट घालत बसता येत नाही. त्यांच्यावर काम करते ती स्टॅटिन, म्हणजे ॲटॉर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन. ती थरातली चरबी कमी करते आणि वरचं आवरण घट्ट करते. १९९४ च्या ‘फोर एस’ या ४,४४४ रुग्णांच्या अभ्यासात स्टॅटिनने पाच-साडेपाच वर्षांतले एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी कमी केले. अटॅक येऊन गेलेल्या माणसाचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५ च्या खाली असावं, असं आता मानतात. लॅबच्या रिपोर्टात मात्र ‘नॉर्मल : १०० च्या आत’ छापलेलं असतं. ते धडधाकट माणसासाठी. आपलं ८५ आलं की आपण खूश होतो आणि ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं’ म्हणून गोळीच थांबवतो! नॉर्मल आलं ते गोळीमुळे. गोळी सुरू केल्यावर महिना-दीड महिन्याने एलडीएल तपासावं आणि ५५ च्या वर असेल तर एझेटिमाइबची जोड द्यायची का, हे विचारावं. मांड्या-पोटऱ्या दुखत असतील तर सांगावं. डोस किंवा गोळी बदलून बहुतेकांचं निभतं.

तंबाखूबद्दल थोडक्यात, पण ठामपणे. अटॅकनंतर सिगरेट सोडणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण न सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे ३६ टक्क्यांनी कमी आढळलं आहे. एवढा फरक एखादी महागडी गोळीही क्वचितच पाडते. आणि ‘मी ओढत नाही, नुसती चिमूट दाढेखाली ठेवतो’ हा बचाव टिकत नाही. तंबाखू चघळणाऱ्यांतही अटॅकचा धोका दुपटीच्या वर असल्याचं ५२ देशांच्या पाहणीत दिसलं. मिश्रीही तंबाखूचीच. आजीला अटॅक आला तर तिच्या डबीकडे कुणी बोट दाखवत नाही, ते दाखवायला हवं.

चालण्याची सुरुवात घरातल्या घरात पाच-दहा मिनिटांनी करायची आणि दर आठवड्याला थोडं वाढवायचं. चालता चालता बोलता आलं पाहिजे. शब्द तुटू लागले की वेग जास्त झाला. जेवून लगेच नाही, कडाक्याच्या थंडीत पहाटे नाही. सहा महिने पलंगावरून उठू न देणारी माया हे आपल्याकडचं खास दुखणं आहे, त्याने स्नायू आणि धीर दोन्ही जातात. योगाबद्दल नेहमी विचारलं जातं. भारतातल्या २४ हॉस्पिटलांत अटॅक येऊन गेलेल्या जवळपास ४,००० रुग्णांवर ‘योग-केअर’ अभ्यास झाला, २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पुन्हा अटॅक किंवा मृत्यू यांत ठळक फरक पडला नाही. पण योग शिकलेल्यांना जास्त बरं वाटत होतं आणि ते पूर्वीच्या कामाला अधिक चांगले लागले. थोडक्यात, योग जरूर करावा, गोळ्यांच्या बदल्यात नाही.

शारीरिक संबंधांबद्दल कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. दोन जिने दम न लागता, न दुखता चढता येत असतील तर सहसा हरकत नसते. एकच कडक नियम : जिभेखालची सॉर्बिट्रेट किंवा त्या जातीची गोळी घेणाऱ्याने व्हायग्रासारखी गोळी घ्यायची नाही. दोन्ही मिळून बीपी धाडकन कोसळतं.

मन खचतं. अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला खरंखुरं नैराश्य येतं, आणि ज्यांना येतं त्यांची पुढची वाटचालही बिकट होते. घरात ते ओळखू येतं ते चिडचिडीने, टीव्हीसमोर नुसतं बसून राहण्याने, ‘आता काय राहिलंय’ या पालुपदाने. दोन आठवड्यांहून जास्त हेच चाललं तर डॉक्टरांच्या कानावर घालावं. त्यावरची औषधं हृदयरोग्यांना देता येतात.

पुढच्या वर्षांत त्रास काहीच नसला, तर ‘दरवर्षी स्ट्रेस टेस्ट करून टाकू’ असं वाटतं. कोरियात स्टेंट बसलेल्या, जास्त धोका असलेल्या १,७०० जणांवर हे करून पाहिलं. एका गटाची वर्षाने न चुकता टेस्ट, दुसऱ्याची त्रास झाला तरच. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच होते. ते पैसे एलडीएल, साखर आणि किडनीच्या तपासण्यांवर घालावेत. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी. अटॅकनंतर लगेच ती दिलेल्यांमध्ये वर्षभरातले मृत्यू कमी झाल्याचं २०२१ मध्ये दिसलं, तरी आपल्याकडे ती फारसं कुणी सुचवत नाही. आणि सलाइनमधून औषध सोडून ब्लॉकेज विरघळवून देतो म्हणणाऱ्या चिलेशनच्या जाहिराती असतात. अटॅक येऊन गेलेल्या १,००० मधुमेही रुग्णांवर तो उपचार तपासला गेला, २०२४ मध्ये निकाल आला. फायदा शून्य.

शेवटी, पुन्हा दुखलं तर. दुसरा अटॅक पहिल्यासारखाच जाणवेल असं नाही. मधुमेहींमध्ये आणि स्त्रियांमध्ये तो नुसता दम, घाम, जबडा दुखणं किंवा ‘गॅस’ होऊन येतो. सॉर्बिट्रेट दिली असेल तर बसून जिभेखाली धरायची, उभ्याने नाही, चक्कर येऊन पडायला होतं. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर दुसऱ्या गोळीची वाट न बघता १०८ ला फोन करायचा. स्वतः स्कूटर काढायची नाही, आणि रात्र आहे म्हणून सकाळपर्यंत थांबायचं नाही.

जवळच्या हॉस्पिटलात पोचल्यावर पहिला ईसीजी निघेल आणि तो बिघडलेलाच दिसेल, कारण जुना व्रण ईसीजीत कायमच्या खुणा ठेवून जातो. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरला त्यातलं जुनं काय आणि आजचं काय, हे कळायला मागचा ईसीजी लागतो. आणि तो घरी कपाटात, फाइलमध्ये असतो. दर तपासणीनंतर नव्या ईसीजीचा आणि गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो काढून आपल्या आणि घरातल्या आणखी एका माणसाच्या मोबाइलमध्ये ठेवावा. ईसीजीचा कागद उष्णतेने छापलेला असतो आणि काही वर्षांत पुसट होतो, त्यामुळे मूळ कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालण्यापेक्षा त्याची झेरॉक्स काढून ठेवलेली बरी.